फिट येणारे मूल आणि गांजाचे तेल

'गांजाच्या तेलाने लहान मुलांच्या फिट्स थांबतात म्हणे. आमच्या मुलाला देऊन बघू का?' हा प्रश्न अलीकडे दवाखान्यात पुष्कळदा विचारला जातो. विचारणारे आईवडील व्यसनी नसतात आणि उथळही नसतात. मुलाला दिवसातून चार-चार वेळा आकडी येते, तीन-तीन औषधे चालू असतात, शाळा सुटलेली असते, रात्री आळीपाळीने जागावे लागते. अशा वेळी परदेशातल्या एखाद्या मुलीची चित्रफीत कोणीतरी मोबाइलवर पाठवतो आणि आशा वाटू लागते. ही आशा साफ खोटी नाही. पण ती जशी कानावर येते, तशीही नाही.

काळजीची गोष्ट निराळीच आहे. हा प्रश्न मनात असूनही तो न विचारणारे पालक पुष्कळ आहेत. गांजाचे नाव काढले तर डॉक्टर रागावतील, पोलिसांचे लचांड मागे लागेल, या भीतीने ते गप्प राहतात आणि बाटली गुपचूप घरात येते. मुलाला अपाय होतो तो बहुधा या गुपचूपपणामुळे. म्हणून या तेलात काय असते, कोणत्या मुलांना त्याचा उपयोग होतो आणि या कामी डॉक्टरांची साथ कशी मागावी, हे आज क्रमाने पाहू.

फिट आणि अपस्मार

मेंदूतील पेशींचे काम अतिशय सूक्ष्म अशा विद्युतप्रवाहावर चालते. काही कारणाने पुष्कळ पेशी एकदम आणि बेताल प्रवाह सोडू लागल्या की फिट येते. हातपाय झटकणे, डोळे फिरणे, तोंडाला फेस येणे ही तिची सर्वांच्या परिचयाची रूपे. पण मूल काही सेकंद एकटक पाहत राहते आणि घास हातातच राहतो, किंवा तान्हे बाळ झोपेतून उठल्यावर पुन्हा पुन्हा मान पुढे टाकून दोन्ही हात फेकते, हीसुद्धा फिट असू शकते. ताप किंवा दुसरे तात्कालिक कारण नसताना फिट्स पुन्हा पुन्हा येऊ लागल्या की त्या विकाराला अपस्मार म्हणतात. फेफरे, मिरगी ही त्याचीच नावे. बाहेरची बाधा किंवा कोणाची नजर यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार योग्य निदान आणि योग्य औषध मिळाले तर शंभरांतील सत्तरपर्यंत रुग्णांच्या फिट्स थांबू शकतात. प्रश्न उरतो तो राहिलेल्यांचा. ग्लासगो येथील डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पूर्वी कधीच औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांपैकी ४७ टक्क्यांच्या फिट्स पहिल्याच औषधाने थांबल्या. दुसऱ्या औषधाने आणखी १३ टक्क्यांना गुण आला. त्यापुढे तिसरे औषध किंवा दोन औषधे एकत्र देऊन फक्त ४ टक्क्यांची भर पडली. म्हणून योग्य निवडलेली आणि पुरेशा मात्रेत दिलेली दोन औषधे लागू पडली नाहीत, तर त्या अपस्माराला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात. गांजाच्या तेलाची चौकशी करणारे पालक बहुधा याच गटातील असतात. नवे काही शोधावेसे त्यांना वाटते, यात त्यांचे काहीही चुकत नाही.

औषध लागू पडत नाही, म्हणजे नेमके काय?

या व्याख्येतील 'योग्य निवडलेली' आणि 'पुरेशा मात्रेत' हे शब्द महत्त्वाचे आहेत. 'सगळी औषधे झाली, काही उपयोग नाही' असे सांगणाऱ्या घरी नीट चौकशी केली, तर पुढीलपैकी एखादी गोष्ट पुष्कळदा आढळते.

पहिली गोष्ट, औषधाचा खंड. लग्नकार्य, प्रवास, महिनाअखेर यांत दोन-तीन दिवस गोळी चुकते आणि फिट येते. दुसरी, वाढलेले वजन. मूल १० किलोचे असताना ठरलेली मात्रा ते १६ किलोचे झाल्यावरही तीच राहते. तिसरी, निदानच वेगळे असणे. रडता रडता श्वास कोंडून निळे पडणारे बाळ किंवा उन्हात उभे राहून चक्कर येऊन पडणारे मूल, यांना अपस्मार असेलच असे नाही.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, औषधाची निवड. ड्रावे सिंड्रोम नावाचा अपस्माराचा एक दुर्मिळ व अवघड प्रकार आहे. निरोगी बाळाला पहिल्या वर्षात, पुष्कळदा ताप असताना, लांबलेली फिट येते आणि नंतर त्या वाढत जातात. बहुतेक मुलांत एससीएन-१ए या जनुकातील दोष सापडतो. कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन ही आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी औषधे एरवी गुणकारी आहेत, पण या मुलांत त्यांनी फिट्स उलट वाढू शकतात. अशा मुलाला नव्या औषधाच्या आधी गरज असते ती अचूक निदानाची.

तान्ह्या बाळाचे मान टाकून हात फेकण्याचे झटके ओळीने येत असतील, तर तेलाचा विचारही करू नये. पोटात दुखते, दचकते, असे समजून यात आठवडे वाया जातात आणि बाळाची वाढ मागे पडते. या प्रकारावर एसीटीएच, प्रेडनिसोलोन, व्हिगाबॅट्रिन अशी ठरलेली औषधे आहेत. ती जितक्या लवकर सुरू होतील, तितके बरे.

शस्त्रक्रिया आणि आहार

औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारावर आणखी दोन उपाय आहेत आणि आपल्याकडे त्यांची चर्चा गांजाच्या तेलापेक्षाही कमी होते.

पहिला शस्त्रक्रियेचा. फिट मेंदूच्या एका ठरावीक भागातून सुरू होते असे एमआरआय आणि व्हिडिओ ईईजीने दाखवले, तर तो भाग काढता किंवा वेगळा करता येतो. दिल्लीच्या एम्समध्ये १८ वर्षांपर्यंतच्या ११६ मुलांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. एका वर्षानंतर, शस्त्रक्रिया झालेल्या गटात ७७ टक्के मुलांच्या फिट्स थांबलेल्या होत्या. केवळ औषधांवर असलेल्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. शस्त्रक्रियेनंतर काही मुलांत हातापायांतील शक्ती कमी होण्यासारखे परिणामही दिसले, म्हणून निवड काळजीपूर्वक करावी लागते. पण एवढा गुण गांजापासून बनवलेल्या कोणत्याही औषधाने दाखवलेला नाही. एम्स, त्रिवेंद्रमची श्री चित्रा संस्था आणि मुंबईतील मोठी रुग्णालये येथे अशी तपासणी होते.

दुसरा उपाय आहाराचा. स्निग्ध पदार्थ खूप जास्त आणि पिष्टमय पदार्थ अगदी कमी, असा हा किटोजेनिक आहार १९२१ पासून वापरात आहे. तो घरच्या घरी सुरू करायचा नसतो. आहारतज्ज्ञ प्रत्येक घास मोजून देतात. पण अनेक मुलांत त्याने फिट्स निम्म्याहून कमी होतात.

गांजातील दोन पदार्थ

गांजा, चरस आणि भांग एकाच झाडाची. या झाडात एका कुळातील शंभराहून अधिक रासायनिक पदार्थ आहेत. आपल्याला त्यांतील दोनच माहीत असले तरी पुरे. टीएचसी हा पदार्थ नशा आणतो. सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, नशा आणत नाही. लहान मुलांच्या अपस्मारात ज्याचा उपयोग नीट तपासला गेला आहे, तो सीबीडी. वाढत्या मेंदूला टीएचसीपासून धोका आहे. जास्त प्रमाणात पोटात गेले तर लहान मूल गुंगीत जाऊन बेशुद्धही पडू शकते.

या कल्पनेचा आपल्या देशाशी जुना संबंध आहे. विल्यम ओ'शॉनेसी हे आयरिश डॉक्टर कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत असत. येथील वैद्य-हकिमांकडून त्यांनी भांगेची माहिती घेतली आणि १८३९ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत सतत आकड्या येणाऱ्या एका तान्ह्या मुलीला गांजाचा अर्क दिल्याची नोंद आहे. पुढे इस्रायलचे राफाएल मेचौलम यांनी १९६३-६४ मध्ये सीबीडी आणि टीएचसी यांची रचना उलगडली. १९८० साली त्यांनी ब्राझीलमधील डॉक्टरांबरोबर सीबीडीचा अपस्मारावरील छोटा प्रयोगही प्रसिद्ध केला. त्यानंतर तीस वर्षे हे काम जवळजवळ मागे पडले.

दोन डॉक्टरांच्या सह्या

मोबाइलवर फिरणारी चित्रफीत बहुधा अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील शार्लट फिगी या मुलीची असते. तिला ड्रावे सिंड्रोम होता. पाच वर्षांची होईतो आठवड्याला सुमारे तीनशे फिट्स येत. औषधे आणि आहार सर्व करून झाले होते. त्या राज्यात लहान मुलाला गांजाचे औषध द्यायचे तर दोन डॉक्टरांच्या सह्या लागत. एवढ्या लहान मुलीसाठी सही द्यायला डॉक्टर कचरत होते. शेवटी दोघे तयार झाले. २०१२ साली टीएचसी अगदी कमी आणि सीबीडी भरपूर असलेले तेल सुरू झाले. फिट्स महिन्याला दोन-तीनवर आल्या. २०१३ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर तिची कहाणी दाखवली गेली आणि ती जगभर पोचली. एप्रिल २०२० मध्ये, तेराव्या वर्षी, आजारपणात शार्लट वारली. तेलाने तिचा आजार मुळापासून गेला नव्हता. पण तिला आठ वर्षे बरी मिळाली, हेही खरे.

इंग्लंडमध्ये २०१८ च्या जून महिन्यात उत्तर आयर्लंडच्या बिली कॅल्डवेल या बारा वर्षांच्या मुलाचे तेल विमानतळावर जप्त झाले. त्याला फिट्स येऊन रुग्णालयात दाखल करावे लागले आणि सरकारला तातडीचा परवाना द्यावा लागला. १ नोव्हेंबर २०१८ पासून तेथे तज्ज्ञ डॉक्टरांना अशी औषधे लिहून देण्याची मुभा मिळाली. पण त्यानंतरही सरकारी आरोग्यसेवेतील फार थोड्या तज्ज्ञांनी नशेचा अंश असलेली तेले लिहून दिली. कारण कायदा बदलला, तरी ती तेले किती द्यावीत आणि पुढे काय परिणाम होतील, याचा पुरावा कायद्यातून येत नाही. तो प्रयोगांतूनच यावा लागतो.

प्रयोगांत काय दिसले?

शुद्ध सीबीडीचे असे प्रयोग झाले आहेत. ड्रावे सिंड्रोम असलेल्या १२० मुला-तरुणांवरील प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सीबीडी आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या तेलातून बिनऔषधी द्रव दिला. सर्वांची आधीची औषधे चालूच होती. सीबीडीच्या गटात महिन्यातील मोठ्या फिट्सची मधली संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. दुसऱ्या गटात ती १४.९ वरून १४.१ झाली. फिट्स निम्म्याने किंवा त्याहून कमी झालेली मुले सीबीडीच्या गटात ४३ टक्के होती. दुसऱ्या गटातही ती २७ टक्के होती, हे ध्यानात ठेवावे. फिट्स पूर्ण थांबलेली मुले फक्त ५ टक्के.

पुढील वर्षी लेनॉक्स-गॅस्टो सिंड्रोमच्या २२५ रुग्णांवरील प्रयोगात, एकदम खाली पाडणाऱ्या फिट्स मोठ्या मात्रेने सुमारे ४२ टक्के कमी झाल्या. बिनऔषधी द्रवाने त्या १७ टक्के कमी झाल्या होत्या. या पुराव्यावर अमेरिकेने जून २०१८ मध्ये एपिडायोलेक्स या सीबीडीच्या औषधाला परवानगी दिली. २०२० साली ट्यूबरस स्क्लेरोसिस या तिसऱ्या विकाराची त्यात भर पडली.

याचा अर्थ असा की परवानगी तीन विशिष्ट विकारांतील फिट्ससाठी, चालू औषधांच्या जोडीला दिलेली आहे. तापात येणारी साधी आकडी, टेपवर्मच्या गाठीमुळे येणारी फिट किंवा एकाच औषधाने ताब्यात असलेला अपस्मार, यांच्यासाठी नव्हे.

बाटलीतले तेल आणि प्रयोगातले औषध

बाजारात आणि इंटरनेटवर मिळणारे तेल हे या प्रयोगातले औषध नव्हे. २०१७ साली अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेल्या ८४ बाटल्या तपासल्या. त्यांतील फक्त २६ बाटल्यांत लेबलावर लिहिल्याइतके सीबीडी होते. १८ बाटल्यांत टीएचसी सापडले.

मात्रेचा हिशोबही पाहा. ड्रावेच्या प्रयोगात दर किलो वजनाला दिवसाला २० मिलिग्रॅम सीबीडी दिले होते. म्हणजे १५ किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम. संपूर्ण बाटलीत १००० मिलिग्रॅम सीबीडी असेल, तर ती साडेतीन दिवसही पुरणार नाही. रोज चार थेंब जिभेवर टाकून त्या प्रयोगातला गुण येईल, असे मानता येत नाही. हा हिशोब घरी मापून द्यायला सांगितलेला नाही. बाटलीची किंमत मोजण्यापूर्वी फरक कळावा, म्हणून सांगितला आहे. एपिडायोलेक्स बाजारात आले तेव्हा अमेरिकेत त्याचा वर्षाचा खर्च सुमारे ३२,५०० डॉलर होता.

दुकानात खाद्यपदार्थ म्हणून मिळणारे भांगेच्या बियांचे तेल आणखी निराळे. त्यात सीबीडी जवळजवळ नसतेच. फिट्सवर त्याचा उपयोग नाही.

कायदा काय म्हणतो?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस. दोन्ही जवळ बाळगणे गुन्हा आहे. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. मात्र महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने भांगेवरही निर्बंध आहेत. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. विजयाचे परवानाधारक कल्प वैद्यांच्या चिठ्ठीने मिळतात. औषधविषयक नियमांत तिचा समावेश वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायच्या द्रव्यांच्या यादीत आहे. पानांच्या अर्कात टीएचसीही असू शकते. म्हणून बाटलीवर परवान्याचा क्रमांक आहे का, सीबीडी आणि टीएचसी किती याचा प्रयोगशाळेचा अहवाल आहे का, हे विचारावे.

ओळखीच्या माणसाकडून गांजा आणून घरी तुपात किंवा तेलात उकळणे, हा तर बेकायदा आणि धोक्याचा मार्ग. परदेशातील नातेवाइकाला सामानातून बाटली आणायला सांगणेही तसेच. त्यात टीएचसी निघाले तर आणणारा अडचणीत येतो. परदेशी औषध आपल्या रुग्णापुरते मागवायचे असल्यास डॉक्टरांच्या चिठ्ठीसह केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेची परवानगी घ्यावी लागते. शुद्ध सीबीडीचे औषध कोणत्या मार्गाने मिळवावे, ते मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे.

झोप वाढली म्हणजे गुण आला?

सात वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण पाहा. त्याला व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम ही औषधे चालू होती. घरच्यांनी कोणाला न सांगता तेल सुरू केले. मूल दुपारभर झोपू लागले. 'किती शांत झोपतो, तेल लागू पडले,' असे आजीला वाटले. जेवण कमी झाले, हगवण लागली, म्हणून ते दवाखान्यात आले. आईने बाटली पिशवीतून काढून दाखवली, म्हणून उलगडा झाला. यकृतात सीबीडी क्लोबाझामच्या निचऱ्याच्या आड येते. मग क्लोबाझामचा अंश रक्तात साठतो आणि गुंगी वाढते. ती झोप म्हणजे एका औषधाची दुप्पट झालेली मात्रा होती. तज्ज्ञांच्या सल्ल्याने मात्रा ठीक केल्यावर मूल पुन्हा खेळू लागले.

व्हॅल्प्रोएटबरोबर सीबीडी दिल्यास यकृताचे एन्झाइम वाढण्याची शक्यता असते. म्हणून सीबीडी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या महिन्यात रक्ताची तपासणी करतात. ड्रावेच्या प्रयोगात सीबीडी घेणाऱ्यांपैकी ३६ टक्क्यांना झोपाळूपणा, ३१ टक्क्यांना जुलाब आणि २८ टक्क्यांना भूक मंदावणे हे त्रास झाले. हे त्रास सांभाळता येतात, पण कोणाचे तरी लक्ष असेल तर.

सर्वांत मोठा धोका दुसराच आहे. 'हे नैसर्गिक आहे, आता त्या गोळ्या बंद करू' असे म्हणून चालू औषध एकदम थांबवणे. त्याने फिटमागून फिट सुरू होते, मूल शुद्धीवर येत नाही आणि जीव जाऊ शकतो. सीबीडीच्या प्रयोगांतसुद्धा कोणाचेही जुने औषध असे एकदम बंद केले नव्हते.

डॉक्टरांकडे जाताना

डॉक्टरांची साथ म्हणजे कागदावरची सही नव्हे. निदान तपासणे, मात्रा ठरवणे, इतर औषधांशी मेळ घालणे, रक्त तपासणे आणि उपयोग होत नसेल तर औषध थांबवणे, ही सगळी कामे त्यात येतात. म्हणून 'तेल लिहून द्या' असे न म्हणता, 'दोन औषधांनी फिट्स थांबल्या नाहीत, आता पुढे काय काय करता येईल आणि त्यात सीबीडीची जागा आहे का?' असे विचारावे. जाताना पुढील तयारी ठेवावी.

१. फिट्सची वही. साधी शंभर पानी वही चालेल. तारीख, वेळ, किती मिनिटे, झोपेत की जागेपणी, ताप होता का, गोळी चुकली होती का. निदान चार आठवड्यांची नोंद असावी. ही नोंद नसेल तर नव्या औषधाने गुण आला की नाही, हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

२. फिटची चित्रफीत. एकाने मुलाला सांभाळावे, दुसऱ्याने मोबाइलवर सबंध मूल दिसेल अशी घ्यावी.

३. आजवरच्या सर्व औषधांची यादी. प्रत्येकाची मात्रा, किती महिने दिले, का बंद केले. सोबत मुलाचे आजचे वजन.

४. ईईजी, एमआरआय यांचे अहवाल आणि मूळ फिल्म.

५. तेल आधीच सुरू केले असेल तर ती बाटली. लाज बाळगू नये. कोणत्याही डॉक्टरला ती न दिसण्यापेक्षा दिसलेली बरी.

विचारण्याचे प्रश्न असे: आमच्या मुलाचा अपस्मार नेमका कोणत्या प्रकारचा? जनुकीय तपासणीची गरज आहे का? शस्त्रक्रिया किंवा आहार शक्य आहे का? सीबीडी दिल्यास किती महिन्यांनी आणि कशावरून उपयोग ठरवायचा? कोणती लक्षणे दिसली की लगेच यायचे?

सुरुवात नेहमीच्या डॉक्टरांपासून करावी. निर्णय मात्र मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांचा असावा. माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरचे काम चिठ्ठी देऊन योग्य ठिकाणी पाठवण्याचे आणि नंतर गावात लक्ष ठेवण्याचे. खर्चाची अडचण असेल तर अंगणवाडी-शाळा तपासणीच्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात फिट्सच्या विकाराचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून पुढे पाठवण्याची सोय होते. पुण्यात संवेदना फाउंडेशनसारखे अपस्मारग्रस्तांचे स्वमदत गटही आहेत. सारखेच सोसलेल्या पालकांशी बोलण्याचा धीर वेगळाच असतो.

डॉक्टर 'नाही' म्हणाले तर?

कारण विचारावे. 'तुमच्या मुलाच्या प्रकारात याचा पुरावा नाही' किंवा 'आधी शस्त्रक्रियेची तपासणी होऊ दे' हे नकार नव्हेत, ती वाट आहे. नुसतेच झिडकारले गेले, तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. पण दुसरे मत घ्यावे ते दुसऱ्या डॉक्टरांचे, बाटली विकणाऱ्याचे नव्हे. माझ्या व्यवसायबंधूंनाही एक विनंती आहे. गांजाचे नाव ऐकताच पालकांवर रागावू नये. रागावल्याने बाटली बंद होत नाही, फक्त आपल्यापासून लपवली जाते.

फिट आली असता

मुलाला कुशीवर वळवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी किंवा तेल काहीही घालू नये. कांदा वा चप्पल हुंगवू नये. तज्ज्ञांनी मिडाझोलामचा नाकातला फवारा दिला असेल तर तो सांगितल्याप्रमाणे वापरावा. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

थोडक्यात, सीबीडी हे काही विशिष्ट मुलांच्या उपयोगी पडणारे खरे औषध आहे. खरे औषध आहे म्हणूनच त्याला मात्रा, दुष्परिणाम आणि देखरेख आहे. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका, फिट्सची वही आजपासून सुरू करा आणि मुलाला जे काही देत आहात किंवा द्यावेसे वाटते, ते डॉक्टरांपासून लपवू नका.